पाण्याला भिणारं पाणमांजर

आत्या : चौथ्यांदा सांगते, हिला आधी माझ्या अंबाड्यातून काढ!

भाचा : हलू नकोस ना, आत्या. तू हललीस की ती आणखी घट्ट धरते. गुंडी, सोड. सोड बाळा, ते केस आहेत आत्याचे, घरटं नव्हे.

आत्या : घरटं म्हणालास?

भाचा : नव्हे म्हणालो, नव्हे!

आत्या : उभा जन्म पोरांना पोहायला शिकवण्यात गेला. पोरं रडली, चावली, एकानं तर भर पाण्यात माझा चष्मा पळवला. पण डोक्यावर चढून बसलेली ही पहिलीच. आणि तीही पाणमांजराची पोर!

भाचा : घाबरली ती. तू तळ्यात उतरलीस ना, तिला वाटलं तू बुडतेस.

आत्या : मी बुडतेय? गळ्याएवढ्या पाण्यात पाय टेकून उभी होते मी!

भाचा : तिला काय कळतंय? तिनं काठावरून उडी मारून तुला वाचवलं.

आत्या : शेपटीनं कानफटात मारून?

भाचा : आनंदानं मारली असेल. हं, निघाली. ये, ये माझ्याकडे. आधी पाय पुसू हं तुझे. चारही.

आत्या : थांब जरा, मला हा टॉवेल दे. नको, तो माशाचा वास येणारा नको. आता नीट सांग काय ते. फोनवर नुसतं 'आत्या ये, आत्या ये'. माशाच्या पोराला पोहायला शिकवावं लागत नाही असं आपण जन्मभर म्हणत आलो आणि तू मला त्याच कामाला बोलावलंस.

भाचा : माशाच्या पोराला नसेल लागत. पाणमांजराच्या पोराला लागतं. यांची पिल्लं पाण्याला भितातच. मग आई मानगूट धरते आणि ओढत नेते. बुचकळते, वर काढते, परत बुचकळते. पिल्लू किंचाळून तळं डोक्यावर घेतं, पण आई ऐकत नाही.

आत्या : शहाणी बाई. शिकवणारीचा एक कान बहिरा हवाच. आणि हिची आई कुठाय?

भाचा : नाही. नदीला पूर आला, बीळ वाहून गेलं. ही एकटीच सापडली, चिखलात. मुठीत मावायची, डोळेही उघडले नव्हते. बाटलीनं दूध पाजलं, कोटाच्या खिशात निजवलं. डोळे उघडले तेव्हा खिशातून तेवढेच दिसायचे, कोटाच्या गुंडीसारखे. म्हणून गुंडी.

आत्या : म्हणजे आई तूच.

भाचा : ...तसंच म्हणायचं.

आत्या : लाजू नकोस. मग आजच एवढी घाई का?

भाचा : दुपारी प्राण्यांचे डॉक्टर येणारेत. तळ्याच्या त्या टोकाला पाण्याखाली एक झडप आहे, दिसतेय? ढकलली की उघडते. तिच्यापलीकडे मागचं तळं. तिथं काच नाही, माणसं नाहीत, आणि हिच्याच वयाचं दुसरं पोरकं पिल्लू आहे. दोघं जोडीनं मोठी झाली की नदीत सोडायची. पण हिनं बुडी मारून पलीकडे जायला हवं.

आत्या : उचलून टाक की पलीकडे.

भाचा : तिकडे सगळं पाणीच. एक एवढासा दगड तेवढा कोरडा आहे. मागं नेलं होतं तर त्या दगडावर बसून इतकी किंचाळली की दुसऱ्या पिल्लानं खाणं सोडलं. डॉक्टर म्हणाले, आता शेवटचं बघतो. आज नाही गेली तर ही नदीच्या लायक नाही असं ठरवायचं. मग जन्मभर इथंच, काचेमागं.

आत्या : हं. आणि हे कोण शिट्टी वाजवतंय मघापासून? माझी तर गळ्यात आहे.

भाचा : तेच ते पलीकडचं पिल्लू. ही एकमेकांना शिट्टी घालतात. हिलाच बोलावतंय ते. रोज बोलावतं.

आत्या : आणि ही?

भाचा : ही झडपेच्या वर, काठावर जाऊन बसते आणि उत्तर देते. एवढंच.

मॅडम : सुप्रभात, सुप्रभात! प्राणी केंद्राच्या पाणमांजर विभागात आपलं मनःपूर्वक स्वागत! कृपया काचेवर टकटक करू नये, आपल्यालाही कुणी घराच्या खिडकीवर टकटक केलेली आवडत नाही!

आत्या : ही कोण? आणि कुणाशी बोलतेय?

भाचा : आमच्या मॅडम. पाहुणे, नोकर, सगळं त्याच बघतात. हातात माइक नसला तरी अशाच बोलतात.

मॅडम : आनंदाची बातमी! नवा बोर्ड तयार आहे. हा बघा! 'पाण्याला भिणारं पाणमांजर! बघाल तर हसाल, हसाल तर परत याल!' खाली गुंडीचं चित्र, कमरेला टायर. गेल्या महिन्यापासून रांग फाटकाबाहेर जातेय. मोठी पाणमांजरं बिचारी सुळसुळ पोहतात, कोलांट्या मारतात, त्यांच्याकडे कुत्रं बघत नाही. सगळे हिच्यापुढे!

भाचा : मॅडम, डॉक्टर दुपारी येणारेत.

मॅडम : येऊ देत ना. चहा देऊ. पण खरं सांगा, ही गेली तर या बोर्डाचं मी काय करू? आणि या ओल्या बाई कोण? पाहुण्यांना तळ्यात उतरायला मनाई...

आत्या : इकडे बघ जरा. मान वर कर. लाल टोपी!

मॅडम : ...बाई?

आत्या : लाल टोपी, नाकाला चिमटा, आणि तोंडाचा पट्टा चालू. मी ओरडायची, 'तोंड मीट!' आणि तू पाण्याखाली जाऊनसुद्धा बोलायचीस. नुसते बुडबुडे! अर्धं तळं तूच प्यायलीस.

मॅडम : बाई! अय्या, बाई! पाया पडते. नको, फरशी ओली आहे, मनातल्या मनात पडते. तुम्ही इथं कशा?

आत्या : हा माझा भाचा. याच्या लेकीला पोहायला शिकवायला आलेय.

मॅडम : बाई, तुमच्यापुढे खोटं बोलणार नाही. मला ती राहायला हवीय. आणि रांगेसाठीच नव्हे हं. काल एक चिमुरडी आली होती. तिला सगळे भित्री भित्री म्हणतात. ती हिच्यासमोर फतकल मारून बसली आणि म्हणाली, 'बघ आई, हिलापण भीती वाटते.' तासभर उठेना. असल्या पोरांचं काय?

आत्या : बरोबर आहे तुझं. भिणाऱ्याला सोबत लागते. पण तुझी मी सोबत केली, ती तू काठावर बसून राहावीस म्हणून का? सोबत करायची ती पुढच्या पायरीपर्यंत.

मॅडम : ...तेही खरंच.

आत्या : असू दे. आधी मला बघू दे. पोरगं शिकत नसलं की मी आधी त्याच्या आईला बघायची. तू हिला रोज जसं खाऊ घालतोस तसं घाल. मी नुसती बघते. मधे बोलणार नाही.

भाचा : त्यात काय बघायचं? ही ताटली. हा मासा. पुसलेला. काठापासून चार हात लांब ठेवायची ताटली, म्हणजे शिंतोडे... ईऽऽ! उडालं! पायावर उडालं!

आत्या : थांब!

भाचा : काय झालं?

आत्या : आत्ता काय केलंस?

भाचा : काही नाही. पाणी उडालं म्हणून पाय झाडला.

आत्या : कुठला?

भाचा : डावा.

आत्या : आता तिच्याकडे बघ.

मॅडम : अय्या! तिनंपण झाडला! डावाच! आणि तोंडसुद्धा तसंच केलंय, ईऽऽ करून!

आत्या : मांडीपर्यंत हे रबरी बूट कशाला?

भाचा : ओलं व्हायला नको म्हणून.

आत्या : गळ्यात टॉवेल कशाला?

भाचा : पुसायला.

आत्या : खांद्यावरचा?

भाचा : गळ्यातला ओला झाला तर.

आत्या : अरे माझ्या कर्मा! आडातच नाही, तर पोहऱ्यात येणार कुठून! पिल्लू पाण्याला भीत नाही, गाढवा. पिल्लू तुझ्यासारखं वागतंय. त्याच्या आईला पाणी आवडत नाही, म्हणून त्यालाही आवडत नाही. गुणी लेकरू आहे ते!

मॅडम : एक मिनिट, एक मिनिट. यांना पाणी आवडत नाही म्हणजे?

आत्या : सांग तुझ्या मॅडमना.

भाचा : आत्या, नको ना.

आत्या : मग मी सांगते. गावातल्या निम्म्या पोरांना मी पोहायला शिकवलं. न्हावी माझा विद्यार्थी, दातांचा डॉक्टर माझा विद्यार्थी, ही लाल टोपीसुद्धा तरली. एकच पोर कोरडं राहिलं, माझ्या सख्ख्या भावाचं. रोज तळ्यावर यायचा, कपडे काढायचा, आणि मी शिट्टी फुंकली की चड्डीवर बसथांब्यापर्यंत पळायचा. कंडक्टर त्याला ओळखायला लागला होता!

मॅडम : तुम्हाला पोहता येत नाही? तुम्ही पाणमांजर विभाग सांभाळता!

भाचा : मुलाखतीत कुणी विचारलंच नाही, मॅडम. मी साळिंदरांकडे होतो. सुखी होतो. कोरडा प्राणी. तुम्हीच इकडे आणलंत.

मॅडम : अहो, पण विचारायचं काय त्यात? पिठाच्या गिरणीतल्या माणसाला शिंका येतात का, असं विचारतं का कुणी?

भाचा : म्हणून तर आत्याला बोलावलं. म्हटलं, मला नाही जमलं शिकवायला, तिला जमेल. तिला कुणी नाही म्हणू शकत नाही.

आत्या : तू एवढा काळ म्हणतोयस! आणि ही माझं कसं ऐकेल? मी हिची कोण? परकी बाई. मला तर हिनं बुडताना वाचवलं. हिनं ऐकायचं तर आईचंच. चल, बूट काढ.

भाचा : आत्या...

आत्या : बूट.

भाचा : पाणी गार असतं. आणि माशांचं असतं. आणि खोल...

आत्या : तुझ्या छातीला लागतं, मी आत्ताच उभी राहून आलेय. माझ्या गळ्याला लागतं त्या झडपेपाशी. आणि हे बघ, भीती वाटू दे. मी कधी कुठल्या पोराला 'घाबरू नकोस' म्हटलं का? विचार हिला.

मॅडम : नाही म्हटलं. बाई म्हणायच्या, 'भीतीला घेऊनच ये पाण्यात, तीपण पोहायला शिकेल.' अगंबाई! शाळेची सहल आली वाटतं फाटकावर. ऐकू येतोय ना कलकलाट? सगळी खाली काचेच्या दालनात जाणार. तिथून पाण्याखालचं सगळं दिसतं!

भाचा : म्हणजे मी दिसणार?

मॅडम : कमरेखालचे.

आत्या : छान. शाळेतली पोरं असली की शिकणाऱ्याला हुरूप येतो. तू खाली जा, लाल टोपी, आणि त्यांना काहीतरी सांगत राहा.

मॅडम : ते मला सांगावं लागत नाही, बाई!

(मॅडम खाली काचेच्या दालनात जातात. इथून पुढे त्यांचा आवाज भोंग्यातून; वरचं बोलणं त्यांना खाली ऐकू येतं.)

आत्या : हं. पहिली पायरी. पायरीवर बस. नुसता बस. पाय आत.

भाचा : मोजे राहू दे का?

आत्या : मोजे घालून पोहणार?

भाचा : मोजे असले की वाटतं, अजून पूर्ण उतरलो नाही.

आत्या : राहू देत. मोज्यांनी कुणी बुडालेलं मी पाहिलं नाही. गुंडी काय करतेय?

भाचा : माझ्या कॉलरला धरून मागं ओढतेय.

आत्या : ओढू दे. दुसरी पायरी.

मॅडम : मुलांनो, नमस्कार! समोर काचेत आत्ता जे दोन पाय दिसताहेत, ते पाणमांजराचे नाहीत. पाणमांजराच्या बोटांमध्ये पडदा असतो. या प्राण्याच्या पायात मोजे आहेत. डाव्या मोज्याला भोक आहे. का आहे, ते अजून समजलेलं नाही.

भाचा : आत्या, मॅडम काय सांगताहेत?

आत्या : तू तिकडे लक्ष देऊ नकोस. तिसरी. शाबास. श्वास घे. अरे, सोड पण! नुसता घेऊन काय फुगा होणारेस?

मॅडम : हा प्राणी सहसा कोरड्या जागी आढळतो. ऊन, टॉवेल आणि चहा ही याची आवडती वस्ती. पाण्यात याला पाहण्याचा योग फार क्वचित येतो, तेव्हा कुणी टकटक करू नका. काय विचारतोस बाळ? चावतो का? नाही, चावत नाही. चावत नाही ना हो?

भाचा : आज चावेन!

मॅडम : तो म्हणतोय, आज चावेल.

आत्या : आला की रे तळाला! उभा राहिलास! बघ, छातीपर्यंतच. आता जा त्या झडपेकडे. चालत जा. बाजारात चालतोस तसा. मीपण आहे मागं.

भाचा : गुंडी कुठाय? गुंडी?

आत्या : काठाकाठानं धावतेय तुझ्याबरोबर. ऐक कशी शिव्या देतेय. हेच हवं होतं. आता थांब. तोंड पाण्यात घाल आणि फुगे काढ. फूऽऽ.

भाचा : मी मोठा माणूस आहे, आत्या.

आत्या : मोठ्या माणसांचे फुगे मोठे येतात. काढ.

मॅडम : आहाहा! मुलांनो, बघा, फुगे! टाळ्या! मुलं म्हणताहेत, अजून!

भाचा : ...नाकात गेलं.

आत्या : सगळ्यांच्या जातं. शिंकर आणि पुन्हा काढ. चेहरा बघू. अरे, हसतोयस!

भाचा : नाही. दात वाजताहेत.

आत्या : एकाच वेळी दोन्ही होतं. मला माहितेय. आता नीट ऐक. तिची आई काय करते म्हणालास? बुचकळते. पण त्याआधी काय करते? स्वतः खाली जाते. खाली गेलेलं माणूस परत वर येतं, हे आधी पोराला दिसावं लागतं. तू आता खाली जायचंस, पूर्ण. झडपेपर्यंत. हात लावायचा आणि वर यायचं.

भाचा : डोकंसुद्धा?

आत्या : डोकं बाहेर ठेवून कशी बुडी मारतात ते मला शिकव, मी फी देईन.

भाचा : आत्या, आणि मी वर आलो नाही तर?

आत्या : तर मी आहे. आजवर एकही पोर मी खाली सोडून घरी गेले नाही. पण एक अट. नाटक करायचं नाही. नाक धरायचं नाही, डोळे मिटायचे नाहीत. तिला फसवलं तर तिला कळेल.

भाचा : ...ती बघतेय ना?

आत्या : डोळ्यात तेल घालून बघतेय.

भाचा : मग जातो. गुंडी, बघ हं. आई खाली चाललीय.

मॅडम : मुलांनो! मुलांनो, प्राणी पूर्ण खाली आलाय! गाल टम्म फुगलेत! डोळे बशीएवढे! आपल्याकडेच बघतोय. हात हलवा, हात हलवा त्याला! त्यानंही हलवला! आता झडपेकडे... लावला! हात लावला! आणि वरून काहीतरी... बाई! बाई, ती आली! गुंडी आली खाली! सरळ डोक्यावर! तिनं त्याची मानगूट धरलीय, आईसारखी, आणि ओढतेय, वर ओढतेय! केवढी ताकद! बाई, ती पोहतेय! मुलांनो, ती पोहते...

आत्या : वर आलास! खोक. खोक, बाळा, खोकून टाक.

भाचा : तिनं... आत्या, तिनं मला...

आत्या : वाचवलं. पाहिलं मी.

भाचा : कुठाय ती? पुन्हा काठावर गेली?

आत्या : काठावर? अरे, तुझ्याभोवती गरगर फिरतेय, भोवऱ्यासारखी. तुला वर काढून दमली नाही, उलट अंगात आलंय तिच्या! ए, मला नको, मला नको वाचवू, मला येतं पोहता! अगं, माझा अंबाडा!

भाचा : पुन्हा गेली खाली! आत्या, स्वतःच गेली! बघ, पोटावर झालं, पाठीवर झालं! कुणी शिकवलं हिला पाठीवर?

आत्या : ते शिकवावं लागत नाही. फक्त पहिला ओला पाय शिकवावा लागतो. ऐक, ते पलीकडचं शिट्टी घालतंय.

भाचा : ही पण देतेय उत्तर. पण वरून नाही, पाण्यातून. मॅडम! मॅडम, खाली काय दिसतंय? बोला ना!

आत्या : ही गप्प का झाली? लाल टोपी!

मॅडम : ...झडपेपाशी आहे. नाक लावून. एकदा मागे वळून तुमच्या पायांकडे बघितलं तिनं. झडप हलली. ...गेली. बाई, ती गेली. शेपटी दिसली नुसती.

आत्या : माइक बंद कर आणि रड खुशाल.

मॅडम : मी रडत नाहीये. मुलं रडवताहेत. सगळी काचेला नाक लावून हात हलवताहेत. आणि एक विचारतेय, मोज्यांच्या प्राण्याचा पुढचा खेळ कधी आहे?

आत्या : सांग तिला, रोज सकाळी. अजून हात मारायला शिकायचंय, तरंगायचंय, पुष्कळ आहे. ज्या पोरांना पाण्याची भीती वाटते त्यांनी पुढच्या रांगेत बसायचं. आणि तुझा तो बोर्ड उलटा करून माझ्याकडे दे. मागच्या बाजूला कोरा असेल तर नवीन काहीतरी लिहू.

भाचा : माझं चित्र काढू नका.

मॅडम : कमरेला टायर असेल!

आत्या : दोन्ही शिट्ट्या एकाच जागेवरून येताहेत रे आता. ऐकतोयस? चल, वर ये. ओठ निळे पडलेत. डॉक्टर येतील, त्यांना काय ते दिसेलच. तुझे सगळे टॉवेल काढून ठेवलेत मी.

भाचा : तू हो पुढे, आत्या. मी थांबतो जरा.

आत्या : आता कशाला? भीती गेली वाटतं?

भाचा : छे, आहे की. पण ती मधेच डोकावली इकडे, तर मी पाण्यात दिसायला हवा.